बर्फाच्या वाटेवर अडसर कानांचा नव्हे, आवाजाचा
नाशिक, विशेष प्रतिनिधी

टोकियो येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या कर्णबधिरांच्या ऑलिम्पिक स्पर्धेत, म्हणजेच डेफलिम्पिक्समध्ये, भारतीय खेळाडूंनी २० पदके मिळविली. त्यांतील बहुतांश पदके नेमबाजीची होती. या यशाचे यथोचित कौतुक झाले. तथापि, १९२४ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या चळवळीला हिवाळी स्पर्धांचेही अंग आहे, याची आपल्याकडे फारशी जाणीव नाही. कर्णबधिरांची पहिली हिवाळी स्पर्धा १९४९ मध्ये ऑस्ट्रियातील सेफेल्ड येथे भरली. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधील दावोस येथील स्पर्धेत स्नोबोर्डिंगचा समावेश झाला, तर मार्च २०२४ मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरूमने या स्पर्धेचे यजमानपद भूषविले. एका रुंद फळीवर दोन्ही पाय जखडून, अंग आडवे ठेवून बर्फाचा उतार घसरत उतरायचा, हा तो खेळ. युरोप-अमेरिकेत कर्णबधिर मित्रमैत्रिणींचे गट हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरांवर जातात, ही तेथे नवलाची बाब राहिलेली नाही.

नाशिकच्या कर्णबधिर तरुणांनी असाच बेत आखला, तर त्यांच्या वाट्याला काय येईल? हा प्रश्न काल्पनिक वाटला तरी निरर्थक नाही. हिवाळा आला की येथून मनाली, गुलमर्ग, औलीकडे सहली निघतात आणि डोंगराची ओढ तर या जिल्ह्याच्या अंगातच मुरलेली आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांचा हरिहर येथील तरुणांना पाठ असतो. बागलाणातील साल्हेरचा २०२५ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. जिल्ह्याच्या सीमेवर १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई उभे आहे. वैनतेयसारख्या संस्थेने येथे गिर्यारोहणाची परंपरा रुजविली. दुसरीकडे माई लेले श्रवण विकास विद्यालय आणि पडसाद कर्णबधिर विद्यालय यांसारख्या शाळाही याच शहरात आहेत. डोंगराची परंपरा आणि श्रवण-शिक्षणाची परंपरा एकाच गावात नांदत असताना त्यांच्यात देवाणघेवाण मात्र क्वचितच होते.

याचे कारण एका वाक्यात सांगता येते: ‘काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ सहल आखणारा, प्रशिक्षक आणि घरचे वडीलधारे या तिघांच्याही तोंडी हाच प्रश्न असतो. प्रश्न अयोग्य नाही. मात्र तो बहुधा उत्तर मिळविण्यासाठी नव्हे, तर विषय संपविण्यासाठी विचारला जातो.

धोका नेमका कोठे?

ऐकू न येणाऱ्याला बर्फावर अधिक धोका आहे, असे सर्रास गृहीत धरले जाते. त्याची छाननी करावयास हवी. उतारावर मागून भरधाव येणाऱ्याची चाहूल कर्णबधिराला लागणार नाही, ही सर्वांत मोठी शंका. परंतु आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची आचारसंहिता याबाबत स्पष्ट आहे. पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडण्याची जबाबदारी मागून येणाऱ्यावर आहे. पुढच्याने आवाज ऐकून बाजूला व्हावे, अशी अपेक्षा तेथे मुळातच नाही. याचे कारण उघड आहे. शिरस्त्राण, कानटोपी आणि वाऱ्याचा घोंगाट यांमुळे चांगले कान असलेल्यालाही उतारावर फारसे ऐकू येत नाही.

किंबहुना डोंगर ही आवाजावर विसंबण्याची जागाच नव्हे. कड्यावर चढणारा आणि खाली दोर सांभाळणारा यांची हाक एकमेकांना पोचत नाही, तेव्हा दोराला ठरावीक झटके देऊन निरोप दिला जातो. हेलिकॉप्टरला खुणा हातांनी करतात. हिमलोटात गाडलेल्याचा शोध घेण्याचे आधुनिक यंत्र आवाजाबरोबरच पडद्यावर अंतर आणि दिशाही दाखविते. ऐकणाऱ्यांना जी खुणांची भाषा संकटात आठवते, ती कर्णबधिरांची रोजची भाषा आहे. स्नोबोर्डिंगमध्ये तर आणखी एक सोय आहे. स्कीइंग करणाऱ्याच्या दोन्ही हातांत काठ्या असतात. स्नोबोर्डवर मात्र हात मोकळे राहतात. त्यामुळे पाळणागाडीत बसल्याबसल्या किंवा उताराच्या कडेला थांबून, हातमोजे घालूनही, गटात संवाद चालू राहतो. शंभर फुटांवरच्या मित्राशी ओरडल्याविना बोलता येणे हा डोंगरावर उणेपणा नसून लाभ आहे.

मग अडचण येते कोठे? ती येते शिकविण्याच्या पद्धतीत. प्रशिक्षक पाठमोरा होऊन बोलतो. विद्यार्थी घसरत असताना मागून ओरडून चुका सांगतो. पाळणागाडी मध्येच थांबली तर ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते. दुपारी हवामान बदलले तर परतण्याची सूचना तोंडोतोंडी पसरते. मदतीसाठी करावयाचा दूरध्वनीही बोलण्यावरच चालतो. यांतील एकही गोष्ट बर्फाने ठरविलेली नाही. ती माणसांनी सोयीसाठी पाडलेली वहिवाट आहे आणि म्हणूनच ती बदलता येण्याजोगी आहे.

खऱ्या जोखमींचा हिशेब

अर्थात, सारे काही सुरक्षित आहे असे भासविणेही तितकेच चुकीचे ठरेल. काही जोखमी खऱ्या आहेत. आतल्या कानात श्रवणाबरोबरच तोल सांभाळणारी यंत्रणा असते. त्यामुळे काही कर्णबधिरांना तोलाचा त्रास असतो. धुके दाटले किंवा अंधारून आले की खुणा दिसेनाशा होतात आणि संवादच तुटतो. श्रवणयंत्रातील बॅटरी कडाक्याच्या थंडीत लवकर मान टाकते. कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाहेरील भागावर शिरस्त्राण नीट बसत नाही आणि डोक्यावर आपटण्याचा धोका अशा व्यक्तीस अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. स्नोबोर्डवर उभ्या माणसाची पाठ उताराच्या एका बाजूला असते. ती बाजू त्याला दिसत नाही आणि कर्णबधिराला ती ऐकूही येत नाही.

शिवाय हिमालय हा आल्प्ससारखा आखून-रेखून दिलेला नाही. गुलमर्गची गोंडोला ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर अफरवाटच्या खांद्यापर्यंत नेते. तेथून आखलेल्या उताराबाहेर पडले की हिमलोटांचा प्रदेश सुरू होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे दोन पोलिश स्कीपटूंचा, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा हिमलोटाने बळी घेतला. थर खचताना येणारा धप्प असा आवाज हा धोक्याचा एक इशारा मानला जातो. तो कर्णबधिराला मिळणार नाही. तेव्हा आखीव उताराबाहेर न जाणे हा अशा गटासाठी पहिला नियम असला पाहिजे. मात्र नवशिक्या ऐकणाऱ्यांनाही नेमका हाच नियम लागू आहे, हे विसरता कामा नये.

मे २०२३ मधील दोन घटना या संदर्भात एकत्र पाहण्याजोग्या आहेत. मलेशियाचे कर्णबधिर गिर्यारोहक मुहम्मद हवारी हाशिम एव्हरेस्टचे शिखर गाठून उतरताना बेपत्ता झाले. त्याच महिन्यात शायना उंगर आणि स्कॉट लेहमन हे अमेरिकेतील कर्णबधिर दांपत्य शिखरावर पोचून सुखरूप परतले. पहिल्या घटनेवरून कर्णबधिरांना डोंगर वर्ज्य ठरत नाही आणि दुसरीवरून जोखीम नाहीशी होत नाही. एकमेकांच्या खुणा ओळखणारा जोडीदार नजरेच्या टप्प्यात असणे किती मोलाचे आहे, एवढे मात्र उतरणीच्या वाटेचा विचार करताना ध्यानात येते. मित्रांच्या गटाने जाण्याला मौजेपलीकडचा अर्थ आहे तो यासाठी.

कायद्यातील शब्द आणि अर्जातील रकाना

कायद्याच्या बाजूने पाहिले तर चित्र पुष्कळ स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याचे २९ वे कलम संस्कृती व मनोरंजनाविषयी आहे. बालवीर पथके, नृत्य, कलावर्ग यांच्या जोडीने मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रम यांतील दिव्यांगांचा सहभाग सुकर करण्याचे दायित्व तेथे शासनावर टाकलेले आहे. ३० वे कलम क्रीडाविषयक आहे. तिसऱ्या कलमानुसार केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. अपवाद करावयाचा तर त्यामागील हेतू वैध आहे आणि योजलेला उपाय त्याच्या प्रमाणात आहे, हे दाखवून द्यावे लागते. ‘धोका आहे’ एवढे म्हणून सरसकट नकार देणे या कसोटीवर टिकणे अवघड आहे.

वाहन परवान्याचा इतिहास येथे बोलका आहे. ऐकू येत नाही म्हणजे गाडी चालविणे धोक्याचे, या समजापायी कर्णबधिरांना वर्षानुवर्षे परवाना नाकारला जात होता. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयाने, चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या कर्णबधिरासाठी ही वाट मोकळी झाली. मुद्दा साधा होता: पात्रता कौशल्यावरून ठरवावी, कानांवरून नव्हे. बर्फाच्या उताराला हाच निकष लावण्यास प्रत्यवाय नसावा.

महाराष्ट्राने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी २०१८ मध्ये शासन निर्णय काढला आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. सुरक्षेचे नियम असणे अत्यावश्यकच आहे. परंतु नियम बनविताना सूचना ‘दिल्या’ की नाहीत, एवढेच पाहिले जाते आणि त्या ‘पोचल्या’ की नाहीत, हे तपासण्याचे राहून जाते. अर्जात आजारांची यादी असते, दिव्यांगत्वाचा रकाना असतो. ‘आपल्याशी संवाद कसा साधावा?’ हा एक रकाना वाढविला, तर नकाराची जागा तयारी घेऊ शकेल.

याच ठिकाणी खेळाच्या व्यवस्थेतील एक पेचही समजून घ्यावा लागतो. पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांसाठी स्पर्धा नसतात. कर्णबधिरांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९५ मध्ये पॅरालिम्पिक समितीतून बाहेर पडली. परिणामी पॅरा-क्रीडेसाठी उभ्या राहणाऱ्या सोयी त्यांच्यापर्यंत आपोआप पोचत नाहीत. डेफलिम्पिक्ससाठी चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल असावी लागते, तर आपल्या कायद्यात कर्णबधिरत्वाची मर्यादा दोन्ही कानांत ७० डेसिबल आहे. ६० ते ७० डेसिबलच्या दरम्यानच्यांना ‘ऐकण्यास कठीण’ अशा वेगळ्या गटात धरले जाते. प्रवासात याची झळ बसते. रेल्वेची सवलत श्रवण आणि वाचा ही दोन्ही व्यंगे पूर्णपणे असलेल्यांसाठी आहे. शाळेत परिश्रमाने बोलायला शिकलेला तरुण त्यामुळेच सवलतीस मुकू शकतो.

खर्च, दुभाषी आणि बंदोबस्त

बर्फाचा खेळ मुळातच खर्चिक आहे. साहित्य, प्रशिक्षक, पाळणागाडीचे भाडे, निवास या साऱ्यांत सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च मिळवला की एकट्यादुकट्याला तो पेलत नाही. गटाने गेल्यास तो विभागला जातो. प्रशिक्षित दुभाषी मात्र मागणीच्या मानाने फारच थोडे आहेत. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश २०१८ मधील ३ हजार शब्दांवरून २०२१ मध्ये १० हजारांवर गेला. मुंबईत अली यावर जंग संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. या संस्थांची मदत घेऊन बर्फावरील वीस-पंचवीस सूचनांच्या खुणा ठरविणे आणि त्या प्रशिक्षकांना एका दिवसात शिकविणे अशक्यप्राय नाही. थांब, वळ, टाच दाब, बस, माझ्यामागे ये, धोका आहे, दुखापत झाली आहे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.

काश्मीरच्या बाबतीत आणखी एक व्यवधान बाळगावे लागेल. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर बंदोबस्त आणि तपासणी यांचे महत्त्व अधिक वाढले आहे. ‘थांबा’ हा जवानाचा हुकूम ऐकू न आल्याने होणारा गैरसमज गंभीर ठरू शकतो. गटाने दिव्यांगत्वाचे ओळखपत्र दर्शनी भागात बाळगणे आणि आपली पूर्वसूचना स्थानिक पोलिसांना व निवासस्थानाला लेखी देणे, ही खबरदारी अनाठायी नव्हे.

पहिला उतार घराजवळचाच

गुलमर्गची स्की व पर्वतारोहण संस्था, मनालीतील अटलबिहारी वाजपेयी संस्था यांसारखी सरकारी केंद्रे माफक शुल्कात बर्फाचे प्रशिक्षण देतात. नाशिकच्या कर्णबधिर तरुणांसाठी तेथील दार उघडावयाचे तर त्याची तयारी मात्र अंजनेरीच्या पठारावर करता येईल. येथील गिर्यारोहण संस्था आणि कर्णबधिर विद्यालयांचे माजी विद्यार्थी यांनी एक पावसाळा आणि एक हिवाळा एकत्र डोंगर चढले, तर खुणा ठरतील, जोड्या जुळतील, कोणाला तोलाचा त्रास आहे हे कळेल आणि मुख्य म्हणजे ‘जबाबदारी कोणाची?’ या प्रश्नाला अनुभवाचे उत्तर मिळेल. वर्षअखेरीस दिव्यांगांचे गट कळसूबाई चढतात, याचे कौतुक होतेच. परंतु वर्षातून एक दिवसाचा सत्कार आणि वर्षभर नियमित सराव यांत अंतर आहे. सत्कारात दिव्यांग पाहुणा असतो, तर सरावात तो गटाचा भाग होतो.

यात ऐकणाऱ्यांचाही स्वार्थ आहे. ज्या गटात प्रत्येक सूचना डोळ्यांना दिसेल अशी दिली जाते, तो गट वाऱ्यात, धुवाधार पावसात आणि धबधब्याच्या गर्जनेतही एकसंध राहतो. येथील गिर्यारोहकांना हे वेगळे सांगावयास नको. २०११ च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. त्यांतील किती जणांना बर्फावर जावेसे वाटते, हा प्रश्न गौण आहे. ज्याला जावेसे वाटते त्याला अर्जाच्या खिडकीवरूनच परत फिरावे लागू नये, एवढीच अपेक्षा आहे. येत्या हंगामाचे अर्ज छापताना संयोजकांनी त्यात संवादाचा तो एक रकाना घातला, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.