संगणक म्हातारा नाही, ओटा लहान पडला

दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी असरनंतर शेजारच्या खाला आमच्याकडे आल्या. हातात भिशीचे पाकीट. म्हणाल्या, "सर, नवा कॉम्प्युटर कोणता घ्यावा, तेवढे सांगा."

खालांची मुलगी दिग्रसला घरीच परीक्षेचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देते, उर्दू-मराठी लग्नपत्रिका टाइप करते. घरचा किराणा तिच्याच कमाईवर चालतो. पण संगणकाची प्रणाली अपडेट झाल्यापासून एकेक फॉर्म उघडायला दहा-दहा मिनिटे लागू लागली आणि गिऱ्हाइके परत जाऊ लागली. दुकानदार म्हणाला, "मशीन म्हातारी झाली, बदला." पाकिटातले पैसे मात्र धाकट्या भावाच्या कॉलेजच्या फीचे होते.

आम्ही म्हटले, आधी नाडी तर पाहू.

खरे सांगायचे तर आम्हाला आधी व्हायरसचीच शंका आली. तपासले, काही निघाले नाही. मोठ्या अपडेटनंतर एखादा दिवस संगणक मंद चालतो, कारण आतली आवराआवर सुरू असते. इथे तर पंधरवडा उलटला होता. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. मेमरी 94 टक्के भरलेली, डिस्क सतत 100 टक्के कामात, आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला. दुखणे इथेच सापडले.

खालांना आम्ही स्वयंपाकघराचे उदाहरण दिले. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठी. रमजानमध्ये इफ्तारीच्या वेळी ओटा भरला की एक पातेले कोठीत ठेवायचे, दुसरे आणायचे, पुन्हा पहिले लागले की परत धावायचे. सारा वेळ ने-आण करण्यात जातो आणि भजी तळायची राहतात. संगणकही असेच करतो. रॅम भरली की तो काही माहिती डिस्कवर ठेवतो आणि लागली की परत आणतो. याला स्वॅपिंग म्हणतात. युक्ती जुनीच आहे. मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात 1962 मध्येच ती वापरली होती. पण हार्ड डिस्क रॅमपेक्षा फारच संथ असते. ने-आण वाढली की काम अडते.

अपडेटनंतरच हे का झाले? नव्या प्रणालीला ओट्यावर जागा जास्त लागते. 64-बिट विंडोज 10 ला किमान 2 जीबी रॅम पुरे, विंडोज 11 ला किमान 4 जीबी हवी. किमान म्हणजे चालू होण्यापुरती. मुलीच्या संगणकात 4 जीबीच होती आणि ब्राउझरमध्ये वीस पाने उघडी.

उपाय आम्ही स्वस्तापासून सुरू केले. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद केले आणि ब्राउझरची पाने कमी केली. मेमरी 75 टक्क्यांवर आली, फॉर्म उघडू लागले. पुढच्या रविवारी संगणक यवतमाळला नेऊन रिकाम्या खाचेत आणखी 4 जीबी रॅम बसवली. नव्या संगणकाच्या मानाने खर्च अगदी थोडा आला.

दोन गोष्टी सांभाळा. स्वॅपिंगची सोय पूर्ण बंद करू नका, नाहीतर रॅम भरल्यावर चालू प्रोग्रॅम बंद पडतात. आणि रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर-3 च्या खाचेत डीडीआर-4 बसत नाही, लॅपटॉपची पट्टीही वेगळी असते. मेमरी अर्धी रिकामी असूनही डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल, तर डिस्कच बिघडत असू शकते. अशा वेळी आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा, दुरुस्तीचे नंतर बघा.

वर्गातही असे होते. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडणाऱ्या मुलाला आपण मंद ठरवून मोकळे होतो. आमच्या शाळेतही एक संगणक 'खराब' म्हणून वर्षभर कोपऱ्यात झाकून पडला होता. सुट्टी संपल्यावर आम्ही आधी त्याचे झाकण काढले.

खालांच्या धाकट्याची फी वेळेवर भरली गेली. फॉर्म त्याच संगणकावर बहिणीने भरला.