मतदारांचे वकीलपत्र

विधानसभेच्या निवडणुकीस एखादा वकील उभा राहिला की त्याच्याविषयीची पहिली कुजबुज ठरलेली असते. ‘हा कोणाकोणाची वकीलपत्रे घेतो, ठाऊक आहे ना?’ मग एखाद्या गाजलेल्या खटल्यातील आरोपीचे नाव निघते, कुणा सावकाराचे निघते, बिल्डरचे निघते. आणि पारावर किंवा वाचनालयाच्या पायरीवर त्या उमेदवाराच्या चारित्र्याचा निकाल तेथल्या तेथे लागतो. उमेदवार समोरच्या पक्षाचा असेल तर ही कुजबुज घरोघर पोहोचविण्यात आपले कार्यकर्तेही मागे नसतात. तोच आपला असेल तर ‘तो त्याचा व्यवसाय आहे’ असे सांगून मोकळे होतात. या दुटप्पीपणाकडे एकदा स्वच्छ नजरेने पाहण्याची आवश्यकता आहे.

वकिलीचे नियम काय सांगतात? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांनुसार, ज्या न्यायालयात वकील काम करतो तेथील प्रकरण, योग्य ते शुल्क मिळत असेल तर, त्याने सर्वसाधारणपणे नाकारू नये अशी अपेक्षा आहे. विशेष कारण असेल तर नकार देता येतो. परंतु आरोपी समाजाला नकोसा आहे, एवढ्यावरून प्रत्येक वकील पाठ फिरवू लागला तर न्यायदानाचे काम चालणारच नाही. शिवाय अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाला बाहेर फोडता येत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे बंधन होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. म्हणजे ज्याच्यावर अशिलांवरून चिखलफेक होते, त्या उमेदवाराला आपली बाजू पूर्णपणे मांडण्याचीही मोकळीक नसते. हात बांधलेल्या माणसाला आव्हान देण्यात कसला आला पुरुषार्थ?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या संदर्भात चिंतनीय आहे. 1934 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा बॅरिस्टर आंबेडकर र. धों. कर्वे यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. कर्व्यांचे नाव घेणेही अनेक घरांत त्या काळी वर्ज्य होते. खटला हरला. तीनच वर्षांनी, 1937 मध्ये, बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून मुंबईतून प्रांतिक विधानसभेवर निवडून आले. त्यांची योग्यता त्या एका वकीलपत्रावरून जोखणाऱ्याने काय गमावले असते, हे सांगावयास नको.

त्याच बाबासाहेबांकडे पाहिले की उमेदवाराच्या पार्श्वभूमीचा खरा अर्थही ध्यानात येतो. प्रचाराच्या परिचयपत्रकात ‘गरीब शेतकरी कुटुंबात जन्म, कष्टातून शिक्षण’ हे वाक्य आता छापखान्यात तयारच ठेवलेले असावे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, म्हणजे खोतीच्या कोकणातले. खोताच्या हाताखाली कूळ कसे पिचते याची जाणीव त्यांनी भाषणापुरती ठेवली नाही. निवडून आल्यावर काही महिन्यांतच, 17 सप्टेंबर 1937 रोजी, त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात मांडले. प्रांताच्या मंत्रिमंडळाचे तेव्हाचे प्रमुख बाळासाहेब खेर हेही व्यवसायाने सॉलिसिटर होते. तरीही विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती कायद्याने रद्द होण्यास 1949 साल उजाडावे लागले.

मग आजच्या मतदाराने काय पाहावे? सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 मधील निर्णयांमुळे उमेदवाराला गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागते. 2018 मधील निर्णयाने त्यात स्वतःच्या व जोडीदाराच्या उत्पन्नाच्या स्रोतांची भर पडली. 2024 मध्ये न्यायालयाने असेही सांगितले की उमेदवारीशी संबंध नसलेल्या बाबींत उमेदवारालाही खासगीपणाचा हक्क आहे. ही मर्यादा आम्हांस योग्य वाटते. कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावण्याने लोकशाही सुदृढ होत नाही. पण हेही खरे की संपत्ती किती हे प्रतिज्ञापत्र सांगते, ती मिळविताना माणूस वागला कसा हे सांगत नाही.

ते तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात कळते. अपघातात कर्ता मुलगा गेलेल्या आईला भरपाई मंजूर झाली. तिच्या हाती त्यातील किती पडली आणि किती दिवसांनी? धरणात किंवा रस्त्यात जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या वाढीव मोबदल्यात वकिलाने हिस्सा ठरवून घेतला होता काय? दाव्याच्या फळात वाटा ठरवून शुल्क घेणे आचारनियमांना मंजूर नाही, अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणे मात्र बंधनकारक आहे. भावाभावांतील वाटणीचा दावा मिटविता येत असताना तारखांवर तारखा घेऊन वीस वर्षे चालविला, की दोघांना समोर बसवून तडजोड घडविली? विधी सेवा समितीमार्फत आलेले गरिबाचे प्रकरण त्याने मन लावून चालविले, की कनिष्ठाच्या माथी मारले? बेलिफ, कारकून, चहावाला आणि बाकावर ताटकळलेले पक्षकार यांना ही उत्तरे पाठ असतात. तेथे छापील पत्रकाचा काही उपयोग होत नाही.

(जाता जाता एक गंमत. वकिलाला व्यवसायाची जाहिरात करण्यास मनाई आहे. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची असावी असा नियम आहे. तोच वकील उमेदवार झाला की चौकाचौकांत वीस फुटांवरून आपल्याला हात जोडतो.)

आणखी एक प्रश्न निवडणुकीपूर्वीच विचारावयास हवा. निवडून आल्यावर वकिलीचे काय? लोकप्रतिनिधीने वकिली करण्यास कायद्याची आडकाठी नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये दिला. परंतु अधिवेशन मुंबईत किंवा नागपुरात चालू असताना उच्च न्यायालयातही काम चालूच असते, आणि माणूस एका वेळी एकाच ठिकाणी उभा राहू शकतो. सभागृहात ज्या विषयावर बोलावयाचे, त्याच विषयातील मोठ्या अशिलाचे शुल्क तो घेत असेल तर मतदाराने कोणत्या भरवशावर राहावे?

रामभाऊ म्हाळगी वकीलच होते. 1957 मध्ये ते भारतीय जनसंघातर्फे मावळातून निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे ते दिवस होते. पुढे पुण्यातून दोनदा विधानसभेवर आणि 1977 मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेले. आमदार असताना ते दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांसमोर ठेवीत. तसे करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणत्याही कायद्याची नव्हती. अशिलाला हिशेब देण्याची वकिलाची सवय त्यांनी मतदाराच्या बाबतीतही पाळली, असे आम्ही समजतो. त्यांचे नाव आपण व्यासपीठावरून अभिमानाने घेतो, पण त्या अहवालाची प्रथा आपल्यापैकी किती आमदारांनी चालविली?

प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या अशिलांची यादी काढण्यात कार्यकर्ते जो वेळ घालवितात, त्यातील एक सकाळ त्यांनी आपल्या वकील उमेदवारासाठी राखून ठेवावी. उमेदवारी पक्की होण्याआधी तालुका न्यायालयात जाऊन यावे, बाकावरच्या पक्षकारांशी बोलावे, आणि जे ऐकू येईल ते आवडो वा न आवडो, उमेदवार निवडणाऱ्या बैठकीत ते स्पष्टपणे मांडावे.