मासिक विचार : पट, विमान आणि पाळ

२०२५ च्या जुलैंत जॉर्जिया देशांतील बाटुमी येथें नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें स्त्रियांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, त्या दिवशीं आमच्या घरीं कपाटावरचा धुळकट पट खालीं उतरला. अंतिम सामन्यांत एकोणीस वर्षांच्या ह्या मुलीसमोर कोनेरू हंपी यांच्यासारखी मुरब्बी खेळाडू होती. पहिले दोन्ही डाव बरोबरींत सुटले. जलद डावांत काळीं मोहरीं घेऊन तिनें विजय मिळविला व ग्रँडमास्टर ही पदवीही संपादिली. आम्हीं टाळ्या वाजविल्या. तेव्हां आमच्या काकू म्हणाल्या, "कौतुक पांच मिनिटांत संपेल हो! पण आपल्या पोरीसमोर रोज संध्याकाळीं पटावर बसायला घरांत कोणाला सवड आहे?" कोणासही उत्तर सुचेना.

दुसरी वार्ता आमच्या उंबरठ्याजवळची. बिरसीची धांवपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रजांनीं बांधली. तेथून २०२२ च्या मार्चांत सुरू झालेली प्रवासी विमानें अल्पावधींतच थांबलीं. पुढें २०२३ च्या डिसेंबरांत हैदराबाद व तिरुपती यांजकडे नवी सेवा सुरू झाली. वडीलधाऱ्यांस बालाजीचें दर्शन सुलभ झालें, ह्याचा आनंद कोणास होणार नाहीं? परंतु आरंभाचा समारंभ सोपा. नित्याचा व्यवहार चालविणें कठीण, हेंही त्या दोन वर्षांनीं शिकविलें.

शिल्प म्हटलें कीं आपण देवालयें व राजवाडे आठवतों. आमच्या जिल्ह्याचें थोर शिल्प मात्र मातीचें आहे. नवेगांवबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला, असें सांगतात. त्यास ना कळस, ना नक्षी. डोंगरांमधील वाट पाळ घालून अडवावी आणि पावसाचें पाणी धानासाठीं राखावें, एवढीच ती कला. असे लहानमोठे हजारों तलाव पूर्व विदर्भांत कोहळी कारागिरांनीं व मालगुजारांनीं उभारले. १९५१ सालीं मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. ती पद्धति परत यावी असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु तलावांस धनी मिळाला, गाळास मात्र कोणी वाली उरला नाहीं. गांवाचा हात निघाला आणि कित्येक तलाव उथळ होत गेले. अलीकडे त्यांच्या दुरुस्तीचीं कामें हातीं घेतलीं गेलीं, हें शुभचिन्ह होय.

बांधणाऱ्याचें नांव राहतें. दरसाल गाळ काढणाऱ्याचें राहत नाहीं. तरी तलाव टिकतो तो ह्या दुसऱ्याच्याच श्रमांवर. घरांतील मुलांच्या गुणांचेंही तसेंच आहे, असें आम्हांस काकूंच्या प्रश्नानें उमगलें.

आतां आमच्या घरीं पटावर बसण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. पहिली पाळी आमची होती. पुतणीनें विसाव्या खेळीसच आमचा वजीर घेतला, हें वाचकांस सांगावयास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.