शुल्क माफ झालं, खोलीभाड्याचं काय?

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आणि ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. आधी ही सवलत निम्मी होती. निर्णय चांगलाच आहे. पण माफी शुल्काची आहे, शिक्षणाच्या खर्चाची नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारची मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगला येते, तेव्हा वडील आधी खोलीचं डिपॉझिट मोजतात, मग मेसचे महिन्याचे पैसे, मग बसचा पास. यातला एकही रुपया माफीत बसत नाही. ज्या घरात एकालाच बाहेर पाठवणं परवडतं, तिथे बहुतेकदा मुलगा जातो आणि मुलीसाठी गावाजवळचं कॉलेज शोधलं जातं.

यावर कुणी म्हणेल, निर्वाह भत्त्याच्या योजना आहेतच की! आहेत, पण डिपॉझिट प्रवेशाच्या वेळीच भरावं लागतं आणि भत्ता अर्ज, पडताळणी होऊन मागाहून खात्यात येतो. तिजोरीवर ताण आहे, हा आक्षेप अधिक खरा आहे. मात्र शुल्काची रक्कम सरकार कॉलेजांना दरवर्षी नव्याने देत राहणार, तर एकदा बांधलेलं मुलींचं वसतिगृह अनेक पिढ्यांना पुरतं. म्हणून येत्या अर्थसंकल्पात शुल्कमाफीच्या तरतुदीशेजारीच वसतिगृहांचा आकडा दिसायला हवा, आणि भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होतानाच मिळायला हवा.