केकचं कौतुक झालं, रेट विचारल्यावर ग्रुप गप्प का?

या आठवड्याच्या व्हिडिओत कॉस्टिंगवर बोललो. एक गोष्ट राहून गेली, ती इथे लिहितो.

उल्हासनगरला माझं केकच्या सामानाचं दुकान आहे. मागच्या महिन्यात बदलापूरहून एक ताई आल्या. दोन वर्षं त्या आपल्याच भागातल्या केकच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहेत. पहिला केक टाकला तेव्हा आयसिंग वाकडं होतं, तरी 'मस्त जमलंय ताई!' म्हणून बदामांचा पाऊस. एकदा क्रीम फाटलं, तर रात्री अकराला कुणीतरी व्हॉइस नोट पाठवली, की जास्त फेटू नका, भांडं आधी फ्रीजमध्ये ठेवा. मग एक दिवस त्यांनी विचारलं, 'अर्धा किलो पायनॅपलला काय रेट लावू?' सगळ्यांनी वाचलं, बोललं कुणीच नाही. शेवटी एकीचा पर्सनल मेसेज आला: माझा कोर्स जॉइन करा.

ताईंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. अहो, काही चुकलं नाही! छंदाचे ग्रुप नवख्याला प्रेमाने घेतात, पण तो शिकाऊ असेपर्यंतच. तो धंद्यात उतरला, आणि तेही आपल्याच पिनकोडमध्ये, की सूर बदलतो. (जितके बेकर जास्त तितका माझा माल जास्त खपतो, तेव्हा माझा स्वार्थ धरूनच हे वाचा.)

ही भीती निदान आपल्याकडे तरी शोभत नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे शहर उभं केलं. 1949 मध्ये त्याला उल्हासनगर नाव मिळालं, तरी पत्ता आपण अजून कॅम्प नंबरनेच सांगतो. इथे सगळेच कधी ना कधी नवखे होते. आणि गजानन मार्केटला एक चक्कर मारा. कपड्यांची दुकानं एकाला एक लागून. एकाकडे साइज नाही, तर शेजारी मिळतो. गिऱ्हाईक लांबून येतं ते सगळ्या बाजारासाठी, एकट्या दुकानासाठी नाही.

ऑनलाइनही हे जमतं. पुण्यातला महिलांचा 'पुला' हा फेसबुक ग्रुप सोनिया अग्रवाल कोंजेटी यांनी 2015 मध्ये सुरू केला. आज त्यात लाखो जणी आहेत, आणि सदस्यांच्या व्यवसायांसाठी त्यांनी प्रदर्शनंही भरवली. आपल्याकडचे काही ॲडमिन मात्र नवीन माणसाला आधी वीस नियम चिकटवतात. त्याचं नावगाव नंतर!

ताईंना मी म्हटलं, रेटचा प्रश्न नाशिक-कोल्हापूरच्या ग्रुपमध्ये विचारा. तिथे तुम्ही कुणाच्या वाट्याला जात नाही. आणि नुसता आकडा नको, हिशेब मागा: क्रीम किती ग्रॅम लागलं, बॉक्स, गॅस, डिलिव्हरी, तुमचे स्वतःचे तास. जवळच्या ग्रुपमध्ये आधी सांगा की आपल्याला काय जमत नाही.

त्यांनी तसंच टाकलं: 'फोंडंटची ऑर्डर आली आहे, मी करत नाही. कुणी घेईल का?' अर्ध्या तासात अंबरनाथच्या एकीचा फोन आला. फोंडंट ती करते, एगलेस तिचं नीट फुलत नाही. आता तिच्या एगलेसच्या ऑर्डरी बदलापूरला जातात, आणि दोघी बॉक्स माझ्याकडून एकत्र, शंभराच्या बंडलने नेतात.