यंत्र मुंबईत, इंजेक्शन तरी गावात हवं

बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होणं ही मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातली गोष्ट आहे, असं कुणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाकावं. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. आमच्याकडेही तो होतो. फरक एवढाच, की तिकडे त्याच्यावर पहारा असतो आणि इकडे तो झाल्याचं कळतही नाही.

तिकडचा पहारा मला माझ्या पुतणीमुळे समजला. तिचं बाळ मुंबईत जन्मलं. दिवस पूर्ण भरलेले, वजनही चांगलं, पण पोटातच शी केली आणि ते घाण पाणी फुप्फुसात गेलं. व्हेंटिलेटरही पुरेना तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता एक्मो लावावं लागेल. जयललिता, एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या आजारपणात बातम्यांतून ऐकलेलं तेच यंत्र. पुतणीचा फोन आला, "आत्या, डोक्यात रक्त होऊ शकते म्हनतेत. सही करू का नोको?" मी म्हटलं, "कर."

मी बेधडक म्हटलं नाही. हे यंत्र मानेतल्या मोठ्या शिरेतून बाळाचं रक्त बाहेर घेतं, कृत्रिम फुप्फुसातून फिरवून त्यात ऑक्सिजन भरतं आणि परत शरीरात सोडतं. प्लास्टिकच्या नळ्यांना लागलं की रक्त गोठतं, म्हणून ते पातळ ठेवायला हेपॅरिन सतत चालू ठेवावं लागतं. मग ते रक्त कुठेच नीट गोठत नाही, मेंदूतही नाही. त्यात यंत्र लागेपर्यंत ऑक्सिजनवाचून मेंदूची आधीच ओढाताण झालेली असते. औषध कमी केलं तर यंत्रात गुठळी, वाढवलं तर डोक्यात रक्त. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून टाळूवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून मेंदू पुन्हा पुन्हा पाहतात. साधारणपणे 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या खालच्या बाळाला हे यंत्र लावायचं टाळतात, कारण त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात.

तरी सही करायलाच हवी होती. ब्रिटनमध्ये 185 अत्यवस्थ नवजात बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1996 मध्ये आले. नेहमीचे उपचार मिळालेल्या 92 बाळांपैकी 54 दगावली. एक्मोची सोय असलेल्या केंद्राकडे पाठवायचं ठरलेल्या 93 पैकी 30. धोका खरा आहे, पण यंत्राविना मरण त्याहून जवळ असतं. पुतणीचं बाळ वाचलं. डोक्यात थोडं रक्त आलं होतं, पण ते वेळीच दिसलं आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे उपचार बदलले.

आता आमच्याकडचं सांगते. दीड महिन्याच्या लसीला एक बाळ आणलं होतं. गुटगुटीत, अंगावर पिणारं. मी मांडीतून सुई काढली, कापसाचा बोळा दाबला. बोळा लाल झाला. दुसरा घेतला, तोही लाल. तिसरा धरून आशाताईला दाबायला सांगितलं आणि टाळूवर हात ठेवला, तर ती तट्ट फुगलेली. आई म्हणाली, "सकाळपासून पेत नाही, नुसतं कण्हते." बाळाचा जन्म दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच झाला होता. नाळ कापून मायलेकरं तिथूनच घरी परतली. जन्मल्याबरोबर द्यायचं व्हिटॅमिन के त्याला कुणी दिलंच नव्हतं. बाळाला अकोल्याला पाठवलं. जगलं, पण डावा हात नीट चालत नाही.

व्हिटॅमिन के नसेल तर रक्त गोठत नाही. वार ओलांडून ते बाळाकडे फार थोडं जातं आणि आईच्या दुधातही कमीच असतं. पण म्हणून अंगावर पाजणं सोडायचं नाही. जन्मल्यावर मांडीत एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्यायचं, बाळ एक किलोच्या आत असेल तर अर्धा. केंद्र सरकारच्या 2014 च्या सूचना हेच सांगतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. घरी जन्मलेल्या बाळाला त्या हे इंजेक्शन द्यायच्या. जे तिथे तेव्हा जमलं, ते आज रस्ता, फोन आणि 102 ची गाडी असताना संग्रामपुरात का सुटावं?

दुसरी गोष्ट दिवस भरण्याआधी जन्मणाऱ्या बाळांची. त्यांच्या मेंदूतल्या कोवळ्या रक्तवाहिन्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच फुटू शकतात. त्यासाठी आईला प्रसूतीआधी डेक्सामेथासोन देतात: सहा मिलिग्रॅम, बारा तासांनी एक, असे चार डोस. बाळाचं फुप्फुसही तयार होतं आणि मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झाल्या, तर पुढे पाठवण्याआधी पहिला डोस आरोग्य सेविकेने (एएनएमने) द्यावा, असं सरकारने 2014 मध्येच ठरवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात, ज्यात आपलं बेळगावही होतं, दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण 23.5 टक्क्यांवरून 19.6 वर आलं.

पण हे इंजेक्शन सरसकट टोचायचं नाही. नागपूर आणि बेळगावचा सहभाग असलेल्या आणखी एका मोठ्या अभ्यासाने 2015 मध्ये दाखवलं, की दिवसांचा नीट हिशेब नसताना गावोगाव ते दिलं तर फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकतं. म्हणजे सगळं येऊन थांबतं पाळीच्या तारखेवर. आमच्या बाया तारीख सांगत नाहीत. "पोळ्याच्या मागं-पुढं" असं सांगतात. तिसऱ्या महिन्याच्या आत नोंदणी आणि एक सोनोग्राफी झाली तर पोळ्यावर विसंबावं लागत नाही.

सोनोग्राफीचं दुखणं आणखी एक. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, जागा ठरलेली असते. कायदा हवाच, आमच्या जिल्ह्याने मुलींची घटलेली संख्या पाहिली आहे. पण त्या धाकाने नवजात कक्षात मशीनच ठेवायचं नाही, हा अर्थ त्यातून काढणं चूक आहे. रीतसर नोंदणी करा, बालरोगतज्ज्ञांना टाळूची तपासणी शिकवा, पण कमी वजनाच्या बाळाचं डोकं पाहायचं राहू देऊ नका. बुलढाण्याला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. एक्मोचं स्वप्न त्याने खुशाल पाहावं. आधी जिल्ह्यातल्या नवजात कक्षांना हे एवढं शिकवावं.

तालुक्याच्या पातळीवर माझं मागणं फार नाही. वरवट बकालचं ग्रामीण रुग्णालय, सोनाळा, पातुर्डा आणि जिथे जिथे बाळंतपण होतं तिथे ही दोन इंजेक्शनं एक दिवसही संपता कामा नयेत. वाटेत किंवा घरी जन्मलेलं बाळ त्याच दिवशी दवाखान्यात आणावं. आशाताई तिसऱ्या दिवशी घरी जाते, तेव्हा तिने कार्डावर इंजेक्शनची नोंद पाहावी. नसेल तर बाळाला उचलून न्यावं. बाळ पांढरं पडलं, टाळू फुगली, बेंबीतून किंवा लसीच्या जागेतून रक्त थांबेना, प्यायचं सोडलं, झटका आला, तर अंगारे-धुपारे न करता गाडी बोलवावी. या गाडीचे आणि सरकारी उपचाराचे पैसे लागत नाहीत.

आणि घरातल्या आज्यांना, आत्यांना एक विनंती. प्रसूतीच्या खोलीतून सिस्टर बाहेर आली की मुलगा की मुलगी हे नंतर विचारा. आधी विचारा, बाळाच्या मांडीत इंजेक्शन दिलं का?