जखम भरली, धोका उरला

जननेंद्रियावर फोड आला, दुखला आणि आठ-पंधरा दिवसांत बरा झाला, म्हणजे विषय संपला, असा बहुतेकांचा समज असतो. लाजेपोटी औषधाच्या दुकानातून मलम आणले जाते आणि दवाखाना टाळला जातो. सरकारी रुग्णालयात असे रुग्ण येतात ते बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या वेळी. हे फोड पुष्कळदा हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचे असतात. आपण जिला नागीण म्हणतो, ती याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूमुळे होते. दोन्हींची गल्लत करू नये. हर्पीसचा विषाणू शरीरातून कायमचा जात नाही. तो मज्जातंतूंमध्ये दडून राहतो आणि अधूनमधून डोके वर काढतो. खरी चिंता आहे ती त्याच्या आणि एचआयव्हीच्या संगनमताची.

हर्पीस टाइप-२ असलेल्या व्यक्तीला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. फोडामुळे त्वचा उघडी पडते, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. हर्पीसशी लढण्यासाठी शरीर त्या जागी सीडी-४ पेशी पाठवते आणि एचआयव्हीला शिरकावासाठी नेमक्या याच पेशी हव्या असतात. फोड भरून आल्यावरही या पेशी तेथे कित्येक आठवडे टिकून राहतात, अॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या रोज घेतल्या तरीही, असे अमेरिकेतील सिअॅटलच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले.

दोन्ही विषाणू एकाच पेशीत शिरले तर काय होते, हेही प्रयोगशाळेत पाहिले गेले आहे. एचआयव्ही आपली जनुके पेशीच्या डीएनएत घुसवतो. काही पेशींत ती निपचित पडून असतात. हर्पीसची काही प्रथिने या जनुकांची कळ दाबतात आणि एचआयव्हीच्या नव्या प्रती निघू लागतात.

मग हर्पीसचे औषध देऊन एचआयव्ही रोखता येईल? आफ्रिकेत ३ हजारांहून अधिक जोडप्यांवर हे करून पाहिले गेले. जोडप्यातील एकाला दोन्ही संसर्ग होते, दुसऱ्याला एचआयव्ही नव्हता. २०१० मध्ये निष्कर्ष आले. अॅसायक्लोव्हिरमुळे हर्पीसचे फोड ७३ टक्क्यांनी घटले, रक्तातील एचआयव्हीही थोडा कमी झाला, पण जोडीदाराला होणारी लागण कमी झाली नाही. तेव्हा फोडाची गोळी म्हणजे एचआयव्हीपासून संरक्षण नव्हे.

पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांतील रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हर्पीस नुकताच झालेल्यांना एचआयव्हीचा धोका जुना हर्पीस असलेल्यांहूनही अधिक होता. म्हणूनच पहिला फोड हीच सावध होण्याची वेळ.

अशा प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही चाचणी व्हावी आणि ती निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. आयसीटीसी केंद्रांत ती मोफत होते आणि नाव गुप्त राहते. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. जोडीदाराचीही तपासणी हवी. निरोध वापरावा, हर्पीसपासून तो पूर्ण बचाव करत नसला, तरी दोन्हींचा धोका कमी करतो. एचआयव्ही आढळलाच, तर एआरटी लगेच सुरू करावी. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही.

आम्हा डॉक्टरांवरही जबाबदारी आहे. चिठ्ठीवर मलम लिहून रुग्णाला वाटेला लावणे सोपे असते. त्याच भेटीत त्याला चाचणीच्या खोलीपर्यंत पोहोचवले, तरच उपचार पुरे झाले असे म्हणता येईल.